फोल्डरची यादी: नको तिथे दिसते, हवी तिथे दिसत नाही

पांढरं पान. वर ठळक अक्षरांत ‘इंडेक्स ऑफ’ आणि पुढे फोल्डरचं नाव. खाली फायलींची नावं, शेवटचा बदल कधी झाला ती तारीख, आकार. ना लोगो, ना मेन्यू. हे पान कुणी डिझाइन केलेलं नसतं, ते सर्व्हरवर कुठे साठवलेलंही नसतं. कुणी मागितलं की सर्व्हर त्या क्षणी ते तयार करून देतो. यालाच डिरेक्टरी लिस्टिंग म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात एका कोचिंग क्लासच्या मॅडमनी मला अशाच पानाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली एकच ओळ: “दादा, हे सगळ्यांना दिसतंय का?”

दिसत होतं. एका पालकाने प्रवेशाच्या पावतीची लिंक उघडली, त्यातलं शेवटचं फायलीचं नाव चुकून खोडलं गेलं, आणि एंटर दाबल्यावर समोर अख्खा फोल्डर. मुलांच्या आधार कार्डांचे फोटो, प्रत्येक फायलीला मुलाचं नाव. वेबसाइट मी बनवली नव्हती, पण सर्व्हर सांभाळायचं काम काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आलं होतं. म्हणजे फोल्डर उघडा ठेवणारा मी नव्हतो, पण तो तपासून न पाहणारा मीच होतो.

पाच मिनिटांचं काम आहे असं म्हणून बसलो. दीड तास गेला. तो दीड तास कुठे गेला हे सांगितलं की हा विषय बराचसा समजतो.

आधी सर्व्हरच्या जागी उभं राहून पाहू. त्याच्याकडे एक पत्ता आला आणि तो फायलीचा नसून फोल्डरचा निघाला. आता द्यायचं काय? तो पहिल्यांदा त्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची फाइल शोधतो, ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ किंवा ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ वगैरे. सापडली तर तीच पाठवतो आणि विषय संपतो. नाही सापडली तर पुढचा प्रश्न: यादी दाखवायला परवानगी आहे का? असेल तर यादी. नसेल तर ४०३, म्हणजे ‘फॉरबिडन’. अपाची या वेब सर्व्हरमध्ये ही दोन कामं दोन वेगळे भाग करतात. इंडेक्स फाइल शोधणारा मॉड-डिर, यादी बनवणारा मॉड-ऑटोइंडेक्स. पहिल्याला फाइल मिळाली तर दुसऱ्याला कुणी विचारतही नाही.

म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. मुख्य पान व्यवस्थित उघडतं, कारण तिथे इंडेक्स फाइल आहे. यादीची परवानगी मात्र सगळ्या फोल्डरांना लागू असते आणि एखाद्या आतल्या, इंडेक्स नसलेल्या फोल्डरपाशी ती उघडी पडते. वर्डप्रेसवाल्यांनी यावर एक गमतीदार उपाय केला आहे. त्यांच्या प्लगइन आणि थीमच्या मूळ फोल्डरांत एक जवळजवळ रिकामी इंडेक्स फाइल असते, तिच्यात टिपणीची एकच ओळ: ‘सायलेन्स इज गोल्डन’. यादी मागितली की कोरं पान मिळतं. पण फोटो आणि कागदपत्रं जिथे चढवली जातात त्या ‘अपलोड्स’ फोल्डरात वर्डप्रेस स्वतःहून अशी फाइल ठेवत नाही, आणि नेमकी लपवण्यासारखी गोष्ट तिथेच असते.

आता माझा दीड तास. सर्व्हर उबुंटू या लिनक्सवरचा अपाची. मी अपलोडच्या फोल्डरात एक ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल ठेवली आणि तिच्यात जगातला प्रत्येक जण लिहितो ती ओळ लिहिली: ‘ऑप्शन्स’, मग वजाचं चिन्ह, आणि त्याला चिकटून ‘इंडेक्सेस’. पान रिफ्रेश केलं. यादी तशीच.

डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही फोल्डरात ठेवलेली चिठ्ठी आहे. ती वाचायची की नाही हे मुख्य सेटिंगमधली ‘अलाउओव्हरराइड’ नावाची ओळ ठरवते. अपाची २.४ आवृत्ती २०१२ साली आली, तिच्यापासून या ओळीचं मूळ मूल्य ‘नन’ आहे, म्हणजे चिठ्ठ्या वाचूच नका. त्याआधी उलट होतं, सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या जायच्या. त्यामुळे इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचून चिठ्ठी लिहिणारा माणूस हमखास फसतो. सर्व्हर तक्रार करत नाही, त्याच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ओळ येत नाही. चिठ्ठी न वाचता पडून राहते, बस्स. खात्री करायची असेल तर एक गावठी उपाय आहे: त्या फाइलमध्ये मुद्दाम काहीतरी निरर्थक खरडायचं. पान तरीही सुरळीत उघडलं तर चिठ्ठी वाचली जात नाहीये. एकदम ५००, म्हणजे सर्व्हरची अंतर्गत चूक, आला तर वाचली जातेय. चालू साइटवर हे करताना हात लगेच खोडायला तयार ठेवा.

मग मी अख्ख्या सर्व्हरला लागू असलेल्या मुख्य सेटिंगमध्ये गेलो आणि अलाउओव्हरराइडला ‘ऑथकॉन्फिग’ हे मूल्य दिलं. डोक्यात असं होतं की पुढे या फोल्डरला पासवर्डही लावू, तेवढी मुभा असू दे. सर्व्हर पुन्हा लोड केला आणि त्या फोल्डरातली प्रत्येक फाइल ५०० द्यायला लागली. एरर लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: ‘ऑप्शन्स नॉट अलाउड हिअर’. चिठ्ठी आता वाचली जात होती, पण तिच्यात लिहिलेला हुकूम देण्याचा अधिकार चिठ्ठीला नव्हता. ऑथकॉन्फिग म्हणजे फक्त पासवर्डासंबंधीचे हुकूम. ‘ऑप्शन्स’ची ओळ चालायला अलाउओव्हरराइडमध्ये ‘ऑप्शन्स’ हा शब्दही हवा.

म्हटलं, चिठ्ठ्यांचा खेळ पुरे. ती फाइल काढून टाकली आणि या साइटच्या स्वतःच्या सेटिंग फाइलमध्ये त्या फोल्डराच्या नावाने ‘डिरेक्टरी’ चौकट उघडून तिथेच मनाई लिहिली. मुख्य सेटिंग तुमच्या हातात असेल तर हेच बरं. चिठ्ठ्या वाचायच्या म्हटलं की सर्व्हरला प्रत्येक मागणीला वरपासून खालपर्यंत दर फोल्डरात डोकावून पाहावं लागतं. चिठ्ठी ही शेअर्ड होस्टिंगवरच्या, मुख्य सेटिंगला हात लावता न येणाऱ्या माणसाची सोय आहे.

इथे मी तिसरी चूक केली, आणि ही चूक मी इतरांना करताना अनेकदा पाहिली आहे. ‘ऑप्शन्स’च्या ओळीत वजा लावलेला ‘इंडेक्सेस’ आणि त्याच्या शेजारी चिन्ह नसलेला ‘फॉलोसिमलिंक्स’ असं एकत्र लिहिलं. अपाची २.४ हे स्वीकारत नाही: एक तर सगळ्या शब्दांना अधिक-वजा लावा, नाही तर एकालाही लावू नका. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. अधिक-वजा लावलं म्हणजे वरून वारशाने आलेल्या यादीत भर किंवा घट. चिन्ह न लावता लिहिलं म्हणजे वारसा पुसून नवी यादी. ‘अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’ हा आदेश आधी चालवला म्हणून ही चूक सर्व्हर बंद पडायच्या आत सापडली. तेवढी एक सवय मला आहे.

सेटिंग दुरुस्त. लोड केलं. ब्राउझरमध्ये पाहिलं आणि यादी तशीच!

हा शेवटचा घोटाळा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा. मी चुकीची फाइल दुरुस्त करत होतो. साइटला सर्टबॉट या प्रमाणपत्र बसवणाऱ्या साधनाने एचटीटीपीएस लावलेलं होतं. हे साधन अपाचीच्या सेटिंग फाइलची एक प्रत बनवतं आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एलई-एसएसएल’ जोडतं. ८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे साध्या एचटीटीपीने येणाऱ्याला जुनी फाइल लागू, ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसने येणाऱ्याला नवी. मी जुनीत लिहीत होतो, ब्राउझर नवीकडे जात होता. ‘अपाचीसीटीएल’ला मोठा एस जोडून चालवलं की कोणत्या नावाला आणि पोर्टला कोणती फाइल उत्तर देते, कितव्या ओळीपासून, हे सगळं छापून येतं. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. इंजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये याच कामाला मोठा टी आहे, तो इकडून तिकडून जोडलेल्या सगळ्या फायलींसह पूर्ण सेटिंग एकत्र छापतो.

आता यादी गेली, ४०३ आला. मॅडमना कळवलं. त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर होता: “म्हणजे आता कुणाला फोटो दिसणार नाहीत ना?”

दिसणार होते. यादी बंद केली म्हणजे वर्गाच्या दारावरची मुलांच्या नावांची पाटी काढली, दाराला कुलूप लावलं नाही. ज्याच्याकडे फायलीचा पूर्ण पत्ता आहे, त्याला फाइल पूर्वीसारखीच मिळते. आणि पत्ता ओळखणं कठीण नव्हतं, कारण फायलींची नावं मुलांचीच होती. हीच गत ‘इंडेक्सइग्नोर’ या सेटिंगची. ते एखादी फाइल यादीतून वगळतं, मागितली तर मात्र देतं. टिंबाने सुरू होणाऱ्या फायली इंजिनएक्स यादीत दाखवत नाही, अपाचीच्या नेहमीच्या सेटिंगमध्येही वगळलेल्या असतात. त्यामुळे कुणी गिटचा, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचा, लपलेला फोल्डर चुकून सर्व्हरवर चढवला असेल तर तो यादीत दिसत नाही, पण पत्ता टाकला तर उघडतो आणि त्यातून साइटचा सगळा कोड खेचता येतो. बॉटना, म्हणजे सर्च इंजिनच्या आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या ‘रोबोट्स’ फाइलमध्ये फोल्डरचं नाव लिहून मनाई करणं तर त्याहून वाईट. शहाणा बॉट ते पाळतो, आणि आगाऊ माणसाला आपण स्वतःच सांगितलेलं असतं की इथे बघण्यासारखं काहीतरी आहे.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. असली कागदपत्रं वेबसाइटच्या मूळ फोल्डराच्या बाहेर ठेवायची, जिथे कुठलाच पत्ता पोचत नाही, आणि लॉगिन केलेल्या माणसाला एका छोट्या प्रोग्रॅममधून एकेक फाइल द्यायची. तो बदल करायला मला त्या रात्री नाही, पुढचे दोन दिवस लागले. तोवर फोल्डरला सरसकट मनाई लावून ठेवली.

आता उलट बाजू, कारण यादी नेहमीच वाईट नसते. डेबियन या लिनक्सचे मिरर, म्हणजे त्याच्या फायलींच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, घ्या, लिनक्स कर्नलचा सार्वजनिक फोल्डर घ्या. तिथे यादी हेच पान आहे आणि त्याहून चांगलं पान कुणाला नको आहे. ऑफिसात आतल्या आत फायली वाटायलाही ही उत्तम सोय. अशा वेळी अडचण उलटी होते: यादी हवी आहे आणि सर्व्हर ४०३ देतोय.

४०३ एकच असला तरी त्याची कारणं दोन जातींची असतात, आणि ती ब्राउझरमध्ये पाहून ओळखता येत नाहीत. एरर लॉग उघडा. इंजिनएक्सच्या लॉगमध्ये ‘डिरेक्टरी इंडेक्स ऑफ’ अमुक फोल्डर ‘इज फॉरबिडन’ असं दिसलं तर सर्व्हर फोल्डरापर्यंत पोचला आहे, फक्त यादी बंद आहे. इंजिनएक्समध्ये ती मुळात बंदच असते, ‘ऑटोइंडेक्स ऑन’ लिहावं लागतं. अपाचीचं वाक्य लांबलचक असतं, त्याचा सारांश असा की इंडेक्स फाइल सापडली नाही आणि ‘ऑप्शन्स’मुळे यादी मना आहे. याउलट ‘परमिशन डिनाइड’ आणि कंसात १३ हा आकडा दिसला तर सेटिंगशी झटापट करू नका. तिथे लिनक्सनेच सर्व्हरला अडवलं आहे.

या दुसऱ्या जातीत लोक एक गोष्ट विसरतात. फोल्डर वाचायची परवानगी देऊन भागत नाही, तिथे जायच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरातून आत शिरायची परवानगी हवी. वाड्याच्या शेवटच्या खोलीची किल्ली दिली आणि दिंडीदरवाजा बंद ठेवला, तर पाहुणा बाहेरच उभा राहणार. उबुंटूने २१.०४ आवृत्तीपासून नव्या माणसाच्या होम फोल्डरची परवानगी ७५० केली, म्हणजे परक्याला आत शिरताच येत नाही, आणि वेब सर्व्हर हा परकाच. जुन्या सर्व्हरवर होममध्ये ठेवलेली साइट चालायची, नव्यावर तीच सेटिंग ४०३ देते. ‘नेमआय’ या आदेशाला लहान एल आणि पूर्ण पत्ता दिला की वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते. वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊ नका. दरवाजा अडला म्हणून भिंत पाडण्यातला प्रकार आहे तो.

रेड हॅट कंपनीच्या घरातल्या लिनक्सवर आणखी दोन खोड्या आहेत. एक एसईलिनक्स, नेहमीच्या परवानग्यांवरचा जादा पहारेकरी: परवानग्या सगळ्या बरोबर, तरी नकार, कारण फायलीवरचा शिक्का वेगळा. होममधून ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल जुना शिक्का घेऊनच येते, ‘रिस्टोरकॉन’ चालवलं की नव्या जागेचा शिक्का बसतो. दुसरी खोडी मला जास्त आवडते. तिथल्या अपाचीबरोबर ‘वेलकम डॉट कॉन्फ’ नावाची छोटी फाइल येते आणि ती फक्त साइटच्या मुळाशी, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेच्या पत्त्यावर, यादी बंद करते. आतल्या फोल्डरांना ती लागू नाही. मुळाशी यादी दिसत नाही म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि आतल्या फोल्डरांची यादी खुशाल चालू असते. ज्याला यादी हवी आहे तो मुळाशी डोकं आपटत बसतो, ज्याला नको आहे तो फसतो.

इंजिनएक्सवर ऑटोइंडेक्स चालू करूनही ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, येत असेल तर काय कुठल्या क्रमाने शोधायचं हे सांगणारी ‘ट्रायफाइल्स’ची ओळ पाहा. तिच्यात तिरकी रेघ जोडलेला ‘यूआरआय’, म्हणजे मागितलेला पत्ता, नसेल तर सर्व्हर फोल्डर म्हणून शोधतच नाही. आणि ‘लोकेशन’ने दिलेला पत्ता दुसऱ्या फोल्डराशी जोडणारा ‘एलिअस’ वापरत असाल तर एक सावधगिरी: ‘लोकेशन’च्या शेवटी तिरकी रेघ नाही आणि एलिअसच्या शेवटी आहे, अशी जोडी ठेवू नका. पत्त्यात दोन टिंबं घुसवून त्या फोल्डराच्या वरच्या पायरीवरच्या फायली मागता येतात. एका रेघेने एवढं होतं.

यादी दिसतेय पण विचित्र दिसतेय, हा प्रकारही येतो. संध्याकाळी सहाला चढवलेली फाइल यादीत साडेबाराची दिसते? सर्व्हरचं घड्याळ चुकलेलं नाही. इंजिनएक्स यादीतली वेळ जागतिक प्रमाणवेळेत दाखवतो, आणि आपण साडेपाच तास पुढे. ‘ऑटोइंडेक्स लोकलटाइम’ चालू केलं की सर्व्हरची स्थानिक वेळ येते.

मराठी फाइलनावांचं मात्र वेगळंच दुखणं आहे. अपाची लिनक्सवर यादीच्या पानाची अक्षरपद्धत वेगळं न सांगितल्यास आयएसओ ८८५९-१ धरतो, जी पश्चिम युरोपच्या भाषांसाठी आहे. आपली नावं मग टोप्या घातलेल्या ‘ए’च्या रांगेसारखी दिसतात. शिवाय नावाच्या रकान्याची मूळ रुंदी २३ बाइट, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलंत हे यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत तीन-तीन बाइट खातं. ‘प्रवेशअर्ज’ नावाची पीडीएफ घ्या. रकान्यात न मावणारं नाव अपाची २० बाइटवर तोडतो आणि पुढे दोन टिंबं व एक बाणाचं चिन्ह लावतो. ‘प्रवेश’मध्ये प, हलंत, र, व, मात्रा, श असे सहा तुकडे, म्हणजे १८ बाइट. उरले दोन. ‘अ’ला लागतात तीन. मग ‘प्रवेश’च्या पुढे एक फुटकं चिन्ह दिसतं, ते म्हणजे दोन-तृतीयांश ‘अ’. ‘इंडेक्सऑप्शन्स’मध्ये ‘कॅरसेट’ यूटीएफ-८ आणि ‘नेमविड्थ’ला तारा दिला की दोन्ही दुखणी जातात. डेबियन आणि उबुंटूच्या तयार सेटिंगमध्ये हे आधीच केलेलं आहे. हाताने लिहिलेल्या सेटिंगवर ते निसटतं.

यादीची गरज नसेल तर मॉड-ऑटोइंडेक्सच काढून टाकावा का? काढता येतो. डेबियनवर तसं करायला गेलात तर तो हा भाग आवश्यक असल्याचं बजावतो आणि ‘येस, डू अ‍ॅज आय से’ हे वाक्य अक्षरशः टाइप करायला लावतो. मी अजून कुणाच्या सर्व्हरवर ते टाइप केलेलं नाही. ‘ऑप्शन्स’ची ओळ पुरते.

मॅडमच्या प्रकरणात एक काम राहिलं होतं, आणि ते घाईत सगळेच विसरतात. यादी बंद केली, पण बंद होण्याआधी ती कुणी पाहिली? ते अ‍ॅक्सेस लॉगमध्ये असतं: त्या फोल्डराचा पत्ता, शेवटी तिरकी रेघ, आणि पुढे २००, म्हणजे मागितलेलं मिळालं. उबुंटूवरचा अपाची रोज नवा लॉग उघडतो आणि मागचे चौदा ठेवतो, त्याआधीचे जातात. म्हणून दुरुस्तीच्या आधी लॉगची प्रत काढून ठेवायची. मी सुदैवाने काढली होती. चौदा दिवसांत २०० च्या ओळी तीन ठिकाणच्या निघाल्या. एक त्या पालकांचा फोन. एक मी स्वतः, रिफ्रेश मारून मारून. तिसरा एका सर्च इंजिनचा बॉट, नऊ दिवसांपूर्वी पहाटे येऊन गेलेला. यादी घेऊन त्याने खालच्या बावीस फायलीही उचलल्या होत्या.

मॅडमना फोन करून ती बावीस नावं वाचून दाखवली. त्यांनी त्याच संध्याकाळी बावीस घरी फोन केले. सर्च इंजिनकडे पानं काढून टाकायची विनंती मी रात्री टाकली.